आईची ऊब

वर्गात राजेरजवाड्यांच्या जन्मतिथी मी पोरांकडून घोकून घेतो; पण अपुऱ्या दिवसांची मुले जगवण्याचा इतिहास मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही. आणि तो सुरू होतो, वाचकहो, कोंबडीच्या पिलांपासून!

पॅरिसच्या प्राणिबागेत अंडी उबवण्याची पेटी पाहून स्तेफान तार्निये या प्रसूतितज्ज्ञाने 1880 च्या सुमारास तशीच पेटी अर्भकांसाठी करवून घेतली. मुले वाचू लागली. परंतु पेटी आली आणि आई दाराबाहेर गेली. बाळाला पाजायला, उचलायला मिळाले नाही की आईची माया आटते, हे तार्नियेचा शिष्य प्येर ब्यूदँ याच्या ध्यानात आले होते. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1903 ते 1943 पर्यंत पेटीतली मुले तिकीट लावून दाखवली. जत्रेतला तमाशाच तो! पण त्या पैशांतून मुलांचा खर्च भागे, आईबापांकडून कूनी छदामही घेत नसे. त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

1978 साली कोलंबियातील बोगोटाच्या माता-बाल रुग्णालयात एकेका पेटीत दोन-तीन मुले ठेवावी लागत. एकाची बाधा दुसऱ्याला होई. कित्येक आया बाळ तिथेच टाकून निघून जात. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांना कांगारूचे पिल्लू आठवले: कच्चेच जन्मते आणि आईच्या पिशवीत वाढते. त्यांनी टोपी-लंगोटातले उघडे बाळ आईच्या उरावर उभे धरून वरून कापडाने बांधले. ऊब आईची, दूधही आईचेच. आई दमली तर बाप किंवा आजी. 1979 मध्ये डॉ. एक्तोर मार्तीनेस त्यांना येऊन मिळाले. युक्ती गरिबीतून निघालेली, म्हणून पुष्कळांनी ती गरिबांची सोय समजून बाजूला ठेवली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील 206 बाळांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आईच्या उरावरची बाळे दिवसाला सुमारे 24 ग्रॅम वाढली, इतर 16 च्या आत राहिली. तरीही बाळ आधी पेटीत स्थिरावावे, मग आईकडे द्यावे, असाच दंडक होता. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने 2021 मध्ये तो खोटा ठरवला. जन्मताच आईला बिलगलेल्या बाळांत मृत्यू शेकडा 12. स्थिरावेपर्यंत दूर ठेवलेल्यांत 15.7. त्यासाठी अतिदक्षता विभागात बाळांशेजारी आयांच्या खाटा मांडाव्या लागल्या होत्या.