मूत्रप्रतिवाह, बालकांतील : शस्त्रोपचाराचा इतिहास

मूत्राशयात साठलेले मूत्र मूत्रवाहिनीतून उलट दिशेने वृक्काकडे (मूत्रपिंडाकडे) जाणे, या विकाराला मूत्रप्रतिवाह म्हणतात. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भित्तीत तिरकस शिरते व काही अंतर श्लेष्मकलेखालून (बुळबुळीत अस्तराखालून) जाऊन आत उघडते. मूत्राशय भरू लागला, की वाढत्या दाबाने हा भाग पाठीमागील स्नायूवर चेपला जातो आणि परतीची वाट आपोआप बंद होते. जन्मतः हा भाग आखूड असल्यास झडपेचे हे कार्य नीट होत नाही. निर्जंतुक मूत्र उलटे गेल्याने वृक्काची सहसा हानी होत नाही. परंतु मूत्राशयात जंतुसंसर्ग असल्यास जंतू थेट वृक्कापर्यंत पोहोचतात, ताप येतो व वृक्काच्या ऊतकात (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहात) कायमचे व्रण राहू शकतात. व्रण विस्तृत असल्यास पुढील आयुष्यात रक्तदाब वाढणे व क्वचित वृक्क निकामी होणे हे धोके संभवतात. मूल वाढते तसा भित्तीतील मार्गही लांबतो व सौम्य प्रतिवाह बहुधा काही वर्षांत आपोआप नाहीसा होतो. शस्त्रक्रियांच्या यशाचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

मूत्राशयातील मूत्र मागे फिरत नाही, हे गेलेन या ग्रीक वैद्यांनी इ. स. दुसऱ्या शतकात प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले होते. प्रतिवाहाकडे उपचारयोग्य विकार म्हणून पाहण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. जॉन हच या अमेरिकन मूत्ररोगविज्ञांनी १९५२ मध्ये मज्जारज्जूच्या इजेमुळे अधरांग लुळे पडलेल्या रुग्णांतील प्रतिवाह, त्याचे कारण व त्यावरील शस्त्रक्रिया यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये पोलिटॅनो व लेडबेटर यांनी मूत्राशय उघडून मूत्रवाहिनी सोडवून घेण्याची आणि श्लेष्मकलेखाली नवा बोगदा तयार करून त्यातून ती पुन्हा आत आणण्याची पद्धत मांडली. बोगद्याची लांबी मूत्रवाहिनीच्या व्यासाच्या सुमारे पाचपट असावी, हा पॅक्विन यांनी १९५९ मध्ये सांगितलेला दंडक आजही प्रमाण मानला जातो. लिख यांनी १९६१ मध्ये व ग्रेग्वार यांनी १९६४ मध्ये मूत्राशयाची पोकळी न उघडता बाहेरूनच स्नायूत खाच करून मूत्रवाहिनी तीत बसविण्याची पद्धत वर्णिली. १९७५ मध्ये कोहेन यांनी बोगदा मूत्राशयाच्या तळाशी आडवा, विरुद्ध बाजूकडे नेला. ही पद्धत सोपी व खात्रीची असल्यामुळे बालशस्त्रक्रियेत ती सर्वत्र रूढ झाली. तिचा एक दोष असा, की मूत्रवाहिनीचे मुख बाजूला सरकल्यामुळे पुढे कधी तीत उपकरण घालण्याची वेळ आल्यास ते कठीण जाते.

या शस्त्रक्रियांना वेगाने मान्यता मिळण्यास आणखी एक कारण होते. हॉडसन व एडवर्ड्स यांनी १९६० मध्ये वृक्कावरील व्रण आणि प्रतिवाह यांचा संबंध क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखविला. प्रतिवाह थांबविला म्हणजे वृक्क वाचले, असे समीकरण त्यामुळे मनात ठसले व पुष्कळ मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. या समीकरणाची कसोटी लागली ती बरीच उशिरा. बर्मिंगहॅम येथील अभ्यासाचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या प्रतिवाहाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९९२ मध्ये हाती आले. शस्त्रक्रिया झालेली मुले आणि दीर्घकाळ अल्प मात्रेत प्रतिजैव औषध घेणारी मुले यांच्या वृक्कांवरील नव्या व्रणांत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर तापासह होणारा वृक्कसंसर्ग मात्र कमी झाला. शस्त्रक्रिया निरर्थक ठरली असा याचा अर्थ नव्हे. पण प्रतिवाह थांबणे व वृक्क सुरक्षित राहणे ही दोन निरनिराळी फलिते आहेत, हे प्रथमच स्पष्ट झाले.

अल्पच्छेदी उपचारांचा उदय याच काळातला आहे. मॅटुशेक यांनी १९८१ मध्ये मूत्राशयदर्शकातून मूत्रवाहिनीच्या मुखाखाली टेफ्लॉनची लापशी टोचली. डब्लिन येथील ओडॉनेल व पुरी यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मुलांत वापरून प्रचारात आणली. पोटावर छेद नाही, वेळ अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आणि मूल बहुधा त्याच दिवशी घरी, हे तिचे आकर्षण होते. परंतु मूत्रमार्गालगत टोचलेले टेफ्लॉनचे कण फुप्फुसे व मेंदू यांपर्यंत गेल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच वर्षी दिसून आले. जन्मभर शरीरात राहणारा पदार्थ लहान मुलाला टोचताना अशी शंका क्षुल्लक मानता येत नाही. पुढे डेक्स्ट्रॅनोमर या शर्कराजन्य पदार्थाचे कण हायलुरॉनिक अम्लाच्या जेलीत मिसळून वापरण्यात येऊ लागले; अमेरिकेत या मिश्रणाला २००१ मध्ये मान्यता मिळाली. काही वर्षांनी या उंचवट्यात चुना साठून प्रतिमाचित्रात तो मूतखड्यासारखा दिसतो. पूर्वीच्या उपचाराची नोंद जवळ नसल्यास त्यामुळे अनावश्यक तपासण्या होण्याचा संभव असतो.

लॅपारोस्कोपने मूत्रवाहिनीचे पुनर्रोपण १९९४ च्या सुमारास मुलांत होऊ लागले. मूत्राशयात वायू भरून आतूनच कोहेन पद्धत पार पाडण्याचे तंत्र हाँगकाँगच्या यंग यांनी २००५ मध्ये मांडले. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रियाही याच दशकात सुरू झाली. छेद लहान, वेदना कमी. पण मोठ्या माणसासाठी केलेली उपकरणे बालकाच्या अरुंद श्रोणीत (ओटीपोटाच्या पोकळीत) चालविणे कष्टाचे असते आणि वेळही अधिक लागतो. खुल्या शस्त्रक्रियेचा छेद मुळातच लहान व ओटीपोटाच्या घडीत लपणारा असल्याने तान्ह्या मुलात हा लाभ फारसा जाणवत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलात तो अधिक दिसतो.

अमेरिकन मूत्ररोग संघटनेच्या २०१० च्या संकलनानुसार प्रतिवाह थांबण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत सुमारे ९८ टक्के व एका टोचणीनंतर सुमारे ८३ टक्के होते. यंत्रमानवी शस्त्रक्रियेचे अनेक रुग्णालयांतील निष्कर्ष २०१५ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७२ व ८८ टक्के आढळले. निवडक तज्ञांच्या आरंभीच्या वृत्तांपेक्षा ते पुष्कळच कमी आहे. दोन्ही बाजूंस बाहेरून खाच करण्याच्या पद्धतीत चेतातंतूंना (मज्जातंतूंना) धक्का बसून काही दिवस लघवी अडण्याचा धोका असतो, मग छेद खुला असो वा लॅपारोस्कोपचा. टोचणीच्या टिकाऊपणाविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला, एक ते दोन वर्षांच्या २०३ मुलांवरील स्वीडिश अभ्यास बोलका आहे. प्रारंभी यशस्वी ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के मुलांत दोन वर्षांनी मोठा प्रतिवाह पुन्हा दिसला. शिवाय प्रतिबंधक औषध घेणाऱ्या मुलींच्या वृक्कांवर नवे व्रण आढळले नाहीत, तर टोचणी झालेल्या काही मुलींत ते आढळले.

यामुळे सौम्य प्रतिवाहात आज बहुधा निरीक्षणावर व बद्धकोष्ठ, लघवी रोखून धरण्याची सवय यांच्या उपचारावर भर दिला जातो. औषध चालू असतानाही वारंवार ताप येत असल्यास टोचणीचा विचार होतो. पाचव्या श्रेणीचा प्रतिवाह, फुगलेली मूत्रवाहिनी किंवा फसलेली टोचणी असल्यास पोलिटॅनो–लेडबेटर व कोहेन यांच्या खुल्या पद्धतींकडेच शस्त्रक्रियाविज्ञ सामान्यतः वळतात.