त्राटिकेनंतरची मारिया

आपल्या वेळी जरा आवाज चढवणाऱ्या मुलीला ‘त्राटिका’ म्हणायची रीत होती. आम्हा दोघी-तिघींना तर ते नावच पडलं होतं. नाव रामायणातल्या राक्षसीचं. पण मराठी रंगभूमीवर ते वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी आणलं. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चं त्यांनी केलेलं रूपांतर म्हणजे ‘त्राटिका’. शाहूनगरवासी मंडळीच्या त्या नाटकात गणपतराव जोशी प्रतापराव होत, आणि नायिकाही पुरुषच रंगवी. लंडनलाही तसंच, तिथे बायकांची कामं मुलगे करत.

मूळ नाटक १५९० च्या आसपासचं. फटकळ कॅथरीनला नवरा पेट्रुकिओ उपाशी ठेवून, झोपू न देऊन वठणीवर आणतो. शेवटी ती पत्नीधर्मावर ४४ ओळी बोलते. जिची जीभ आवरायची, तिलाच नाटकातलं सर्वांत लांब भाषण! ते मनापासून की उपरोधाने, यावर नट आणि अभ्यासक अजून भांडतात. मला उपरोध पटतो, पण उपाशी ठेवण्यावर हसू येत नाही.

गोष्ट इथे संपली नाही, हे मला फार उशिरा कळलं. १६११ च्या सुमारास जॉन फ्लेचरने याच नाटकाचा पुढचा भाग लिहिला, ‘द टेमर टेम्ड’. कॅथरीन वारली आहे आणि पेट्रुकिओने मारियाशी लग्न केलंय. मारिया गरीब स्वभावाची म्हणून प्रसिद्ध. तीच लग्नाच्या रात्री माडीवर जाऊन दार लावून घेते. बियांका तिच्या बाजूला. गावातल्या आणि शहरातल्या बायका खाण्यापिण्याची रसद घेऊन मदतीला येतात. वाटाघाटी होतात, अटी लिहून घेतल्या जातात. पेट्रुकिओ आजाराचं सोंग करतो, तर ती प्लेगची आवई उठवून त्यालाच घरात कोंडते. शेवटी तो मेल्याचं नाटक करून शवपेटीत पडतो. मारिया रडते, पण तो गेला म्हणून नाही, त्याने आयुष्य असं वाया घालवलं म्हणून. बिचारा उठून बसतो!

१६३३ च्या ऑक्टोबरात दरबारी परीक्षक हेन्री हर्बर्ट याने हे नाटक आक्षेपार्ह म्हणून अडवलं आणि काटछाट करून परत दिलं. (आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात.) नोव्हेंबरात राजा-राणीसमोर दोन्ही नाटकं झाली. हर्बर्टने टिपून ठेवलंय : २६ तारखेचं शेक्सपिअरचं ‘आवडलं’, २८ तारखेचं फ्लेचरचं ‘फारच आवडलं’. तरी पुढे जगभर गाजलं ते पहिलंच. २००३ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने दोन्ही पुन्हा जोडीने केली.

पुढच्या मेळाव्यात एखादा प्रवेश बसवणार असाल, तर माडीवरचा घेऊया. रसद घेऊन येणाऱ्या बायका आपल्या तुकडीत भरपूर आहेत. पेट्रुकिओ मात्र मुलांमधून कोणीतरी व्हायला हवा.