खेकड्याच्या पायातला पंप

हाताला खेकड्याचा वास येतोय. साबणाने तो जाणार नाही, नाद सोडा. तुम्ही डेन्मार्कमध्ये आहात, आर्हूस विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात. साल 1955 च्या आसपासचं. शेजारी डॉक्टर येन्स स्कौ. भुलीची औषधं मज्जातंतूवर काय करतात, या शोधात ते निघाले होते. वाट भलतीकडेच वळली.

खेकड्याच्या पायातून पांढरे, दोऱ्यासारखे तंतू ओढून काढायचे, वाटायचे, गरगर फिरवायचे. तळाशी उरतो तो पेशीपटलांचा चुरा. आता परीक्षानळ्या मांडा. प्रत्येकीत चुरा, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, थोडं मॅग्नेशियम. एटीपी जितकं फुटेल तितकं फॉस्फेट सुटेल, ते मोजायचं.

पहिल्या नळीत सोडियम घाला. फॉस्फेट जरासं वाढतं. दुसरीत नुसतं पोटॅशियम: ढिम्म. तिसरीत दोन्ही घाला, आणि आकडा एकदम उसळतो. पोटॅशियम आणखी ओता, तर तोच आकडा उतरायला लागतो.

पुन्हा करून पाहा. स्कौंनीही कितीदा केलंय.

चुऱ्यातलं एटीपी फोडणारं हे विकर म्हणजेच पेशीपटलातला पंप. त्याला मुकादम लागत नाही. जो माल बाहेर काढायचा, तोच त्याला हलवतो. जिवंत पेशीत सोडियम आत साचलं की तेच पंपाला चेतवतं. बाहेरचं पोटॅशियम चिकटलं की फेरा पुरा होतो. एका एटीपीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा हिशेब मात्र इथे बोलू नका, तो अजून कुणाला लागलेला नाही. स्कौंच्या 1957 च्या निबंधाच्या शीर्षकात ‘पंप’ हा शब्दही नसेल. माणूस सावध!

आता 1958. स्कौ परिषदेसाठी व्हिएन्नाला गेलेत. तिथे शास्त्रज्ञ रॉबर्ट पोस्ट विचारतात, वाबेनने हे विकर थांबतं का? वाबेन म्हणजे काय, हेच स्कौंना ठाऊक नाही. आफ्रिकेतलं बाणांना लावायचं विष ते. तांबड्या पेशींतली सोडियम-पोटॅशियमची ने-आण त्याने थांबते, हे 1953 पासून माहीत आहे. आपल्या कुंपणावरच्या कण्हेरीत त्याचंच भावंड असतं, हे तुमच्या ओठांवर येतं. गप्प बसा.

स्कौ आर्हूसला फोन लावतात. नळी तुमच्याच हातात आहे. सोडियम आहे, पोटॅशियम आहे, मॅग्नेशियमही आहे. वाबेन टाका.

फॉस्फेट जेमतेम.