रसभंगाची सूचना

सांकेतिक बोली ही परक्यास अर्थ कळूं नये म्हणून निर्माण होते, असा आपला सामान्य समज असतो. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या नंदभाषेस तो लागूही पडतो. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील दूरचित्रवाणी-मालिकांच्या रसिकांनीं संगणकांवरून परस्परांशीं पत्रव्यवहार करितां करितां जी बोली घडविली, तिचा हेतु बव्हंशीं उलट होता. परक्यास आधींच सावध करावें, त्यास नको असेल तर बाजूस सरतां यावें, यासाठीं ती जन्मास आली.

या पत्रव्यवहाराचें क्षेत्र यूजनेट. ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं १९७९ सालीं त्याची कल्पना काढली. विषयवार गटांत लिहिलेलें पत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर जात जात सर्वत्र पसरे. आणि बहुतेक गटांत तें तपासणारा कोणी संपादक नसे.

अडचण होती वेळेची. मालिकेचा तोच भाग न्यूयॉर्कला सॅनफ्रान्सिस्कोच्या तीन तास आधीं दिसे. १९९३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत सुरू झालेली 'एक्स-फाइल्स' ब्रिटनमध्यें १९९४ सालीं दिसूं लागली. ज्यानें कथा पाहिली त्यास बोलल्यावांचून राहवत नाहीं, आणि ज्यानें पाहिली नाहीं त्याचा त्या बोलण्यानें रसभंग होतो. 'स्पॉइलर' हा शब्द 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकानें १९७१ सालींच या अर्थीं योजिला होता. पुढें १९८२ च्या जूनमध्यें 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटांत स्पॉक मरण पावला, तेव्हां यूजनेटवरील एका पत्राच्या आरंभीं तशी सूचना घातलेली आढळते. सूचनेखालीं पडदा भरेल इतक्या कोऱ्या ओळी सोडण्याचा प्रघात पडला. वाचकानें कळ दाबून पुढें गेल्यावांचून रहस्य त्याच्या दृष्टीस पडूं नये. याहून सुरक्षित युक्ति म्हणजे इंग्रजी वर्णमालेंतील प्रत्येक अक्षर तेरा घरें पुढें सरकविणें. अक्षरें सव्वीस असल्यामुळें तीच क्रिया पुन्हा केली कीं मजकूर उलगडे. ही गुप्तलिपी खरी, पण किल्ली सर्वांच्याच हातीं!

दुपारच्या कौटुंबिक मालिकांच्या गटांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. नॅन्सी बेम या विदुषीनें त्यावर २००० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथें शीर्षकांतच मालिकेचें आद्याक्षरी नांव घालीत. 'ऑल माय चिल्ड्रेन' असेल तर 'एएमसी', विषयांतर असेल तर 'टॅन'. कामामुळें ज्यांचा भाग चुकला त्यांच्यासाठीं कोणी सविस्तर सारांश लिहून काढी. हा उद्योग कोणी वेतन घेऊन करीत नसे, हें विशेष.

'एक्स-फाइल्स'च्या रसिकांत मल्डर व स्कली यांचें प्रेम जमावें कीं न जमावें यावर दोन तट पडले. जमावें म्हणणारे 'शिपर', नको म्हणणारे 'नोरोमो'. भांडण कडाक्याचें चाले. तरी स्वरचित कथेच्या माथ्यावर 'एमएसआर' अशीं अक्षरें लिहून प्रेमकथेची वर्दी देण्याची रीत होती. विरोधकानें ती कथा वगळावी, एवढाच तिचा अर्थ.

केवळ वाचणाऱ्यास 'लर्कर', म्हणजे दबा धरून बसणारा, म्हणत. शब्द दूषणासारखा वाटतो खरा. पण १९९५ सालीं सॅली हॅम्ब्रिज यांनीं संकलित केलेल्या शिष्टाचार-नियमांत, लिहिण्यापूर्वीं एकदोन महिने वाचीत राहावें, असाच उपदेश आहे. दर सप्टेंबरांत विद्यापीठांतून नवे विद्यार्थी येत, चुकत आणि जुन्यांकडून वळण घेत. १९९३ पासून पैसे भरून जोडणी घेणारीं गिऱ्हाइकें बारमहा येऊं लागलीं. जुन्यांनीं त्या काळास 'न संपणारा सप्टेंबर' म्हटलें. त्यांच्या विलापांत मला थोडा अहंकारही दिसतो. त्यांस स्वतःस हें वळण बहुधा विद्यापीठाच्या छपराखालीं विनामूल्य लाभलें होतें. पण दर जूनमध्यें नवा वर्ग पुढें घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्यास त्यांचें दुःख अगदींच परकें वाटत नाहीं. वीस मुलांस नांवानें हांक मारून सांगतां येतें; दोनशेंस फलक लावावा लागतो, आणि फलक कोणी वाचीत नाहीं.

गूगलनें २०२४ च्या फेब्रुवारींत यूजनेटचीं नवीं पत्रें घेणें बंद केलें. जुनीं मात्र वाचावयास ठेविलीं आहेत. स्पॉकच्या मृत्यूची वार्ता आतां जगजाहीर आहे; सूचना अजून तशीच माथ्यावर आहे.