पुंगलीचा पूल, गिट्टीचा ढीग

16 डिसेंबर 2021. बुलढाण्यात सकाळची थंडी अजून हटलेली नाही. सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा माजी सैनिकांच्या आहेत; विजय दिनाला आज 50 वर्षं झाली. नाव पुकारलं जातं. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठतो, कोटावरचा पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल एकमेकांवर वाजतात, खांद्यावर शाल पडते, हातात श्रीफळ येतं, फोटो निघतो, म्हातारा परत येऊन बसतो. एका माणसाला अर्धं मिनिट.

तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. तुमच्या पुढचे बाबा आत्ताच येऊन बसले. मांडीवरचा नारळ धरलेला त्यांचा डावा अंगठा तुम्हाला दिसतो. नख मधोमध दुभंगलेलं, टोक चपटं. तुम्ही वाकून विचारता, "बाबा, लढाईतलं का हे?" लाउडस्पीकर गरजतोय, त्यांना ऐकू जात नाही. ते मागे वळतात आणि तो हात तुमच्या हातावर ठेवतात. तळवा खरखरीत लागतो.

मग तो तळवा तुमचाच होतो, आणि त्यात ट्रंकेची कडी आहे.

1968. मलकापूर स्टेशन. मोताळ्याकडच्या गावातून बैलगाडीनं पहाटे निघालात, आणि आता माय फलाटावर उभी आहे. आगगाडी तिनं आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. पदराच्या गाठीतले पैसे सोडून ती तुमच्या मुठीत कोंबते. "कुठी नेऊ राहिले रे तुले?" तुम्ही म्हणता, "बेळगावले." बेळगाव कुठे आहे हे दोघांनाही माहीत नाही. माय विचारते, "तिथी पाणी हाये का?" ज्या गावात उन्हाळा लागला की विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या बाईला मुलुखाबद्दल हाच प्रश्न आधी सुचतो.

बेळगावला पाणी आहे. कवायत आहे, बूट आहेत, दोन्ही वेळा पोटभर जेवण आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या त्या मैदानावर तुम्ही रणघोष शिकता, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" आणि बरोबरच्या सातारा-कोल्हापूरच्या पोरांना छाती पुढे काढून सांगता की शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाऊ आमच्या जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या. पोरं ऐकून घेतात. पहिल्यांदाच घाटाखालच्या कोरडवाहू पोराला आपल्या जिल्ह्याचा असा अभिमान मिरवता येतो.

आता तीन वर्षं पुढे या. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. तुम्ही पहिल्या मराठ्यात आहात. ही 'जंगी पलटण', 1768 मध्ये उभी राहिलेली. पलटणीचे प्रमुख आहेत लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. मेघालयाच्या डोंगरातून तुम्ही खाली उतरता आणि समोर पसरतं ते फक्त पाणी. नाले, तळी, भातखाचरं आणि मग ब्रह्मपुत्रेचं पात्र. गावकरी होड्या आणतात, ओझ्यासाठी बैलगाड्या जुंपून देतात. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरता, रायफल डोक्यावर धरता, आणि थंडीनं दात वाजत असताना मनात एकच येतं, एवढं पाणी! यातला एक ओढा जरी गावाकडच्या राजूर घाटाच्या पायथ्याशी वळवता आला असता!

नदीच्या दक्षिणेला जमालपूर. आत 31 बलुच ही पाकिस्तानी पलटण घट्ट रुतून बसलेली. आपल्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर शरण येण्याचा निरोप चिठ्ठीत लिहून एका म्हाताऱ्या बंगाली गावकऱ्याच्या हाती पाठवतात. उत्तर येतं, कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. ही गोष्ट रात्री खंदकाखंदकातून फिरत तुमच्यापर्यंत पोहोचते, आणि कुणीच काही बोलत नाही.

10 डिसेंबरची रात्र. जमालपूरहून टांगाईलकडे जाणारा रस्ता तुमच्या पलटणीनं अडवला आहे. मागून वाट नाही हे कळल्यावर आतले लोक अंधारात बाहेर फुटू पाहतात. आधी गाड्यांचा आवाज, मग पावलांचा, मग एकदम सगळंच. मशीनगनच्या ज्वाळेत शेजारच्याचा चेहरा क्षणभर दिसतो आणि विझतो. तुम्ही किती गोळ्या झाडल्या हे पुढे कुणी विचारलं तरी सांगता येणार नाही. आठवेल तो वास, जळलेल्या दारूचा आणि तुडवलेल्या ओल्या भाताचा. ते पुन्हा येतात, पुन्हा येतात, आणि रस्ता सुटत नाही. सकाळी जमालपूर पडतं. 'जमालपूर' हा युद्धसन्मान आज तुमच्या पलटणीच्या नावावर आहे. त्या सकाळी मात्र तुम्ही फक्त बुटातलं पाणी ओतून काढता आणि पायाची बोटं मोजता.

त्याच दिवशी, 11 डिसेंबरला, दुपार कलताना टांगाईलजवळ आभाळातून छत्र्या उतरतात. दुसरी पॅरा पलटण पुंगलीचा पूल धरायला उतरते आहे. 12 तारखेच्या संध्याकाळी तुमची पलटण धावतपळत तिथे पोहोचते. धुळीनं माखलेले दोन गट एकमेकांना ओळखतात, मिठ्या पडतात, कुणीतरी बिडी पुढे करतं.

इथे क्षणभर थांबा. तुम्हाला त्या पुलावर हे ठाऊक नाही, म्हणून मी सांगतो. ही दुसरी पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा, जिला 1946 मध्ये छत्री मिळाली. तिच्या आधीचं नाव 110 मराठा, आणि तुमच्या जंगी पलटणीचं 103 मराठा. पहिल्या महायुद्धात या दोन्ही पलटणी मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात एकत्र अडकल्या होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत. धान्य संपलं, घोडे कापले गेले, आणि कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस तोंडाला लावायचं नाकारलं. उपासानं खंगून शेवटी शरणागती, मग वाळवंटातली ती कैद, जिच्यातून कित्येक परत आलेच नाहीत. त्याच दोन पलटणींचे नातू 55 वर्षांनी पुंगलीच्या पुलावर भेटतात. यावेळी शरण कुणीतरी दुसरं येणार आहे. कूतच्या त्या माणसांना शाल कधी मिळाली नाही. मला त्या पुलावरच्या मिठीत तीही माणसं दिसतात.

16 डिसेंबर. ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर, संध्याकाळी 4 वाजून 31 मिनिटांनी, जनरल नियाझी जनरल जगजितसिंग अरोरांसमोर सही करतात. 93,000 कैदी. त्या प्रसिद्ध छायाचित्रात तुम्ही नाही. तुम्ही एका हातपंपापाशी तोंड धूत आहात, आणि पंप थांबला तरी पाणी वाहतच राहतं.

बहुतेक भाषणं इथे संपतात. तुमची रजा मात्र अजून व्हायची आहे.

मे 1973. मलकापूरला उतरता, गावाची वाट धरता. वाटेत हिरवं म्हणून काही नाही. 1971 चा पाऊस कमी झाला होता, 1972 चा त्याहून वाईट. तुम्ही पाठवलेल्या मनीऑर्डरी आल्या, पण बाजारात ज्वारीच नव्हती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. घराला कडी आहे. शेजारीण सांगते, "तुझी माय कामावर गेली बाप्पा, गिट्टी फोडाले."

सडकेच्या कडेला गिट्टीचे ढीग आणि ढिगामागे माणसं, जिकडे नजर जाईल तिकडे. त्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, म्हणजे सैन्यच म्हणा. आपला तो काळ मला नेहमी तसाच दिसतो, फडकी बांधलेलं, अनवाणी, हातोडा घेतलेलं सैन्य. मस्टरवर नाव, मुकादमाची हाक, ब्रासच्या मापानं मजुरी, पोरांना सुकडी. या सैन्याच्या नावानं कसलाही दिवस नाही.

माय तुम्हाला पाहते. धाय मोकलून रडत नाही, उठतही नाही. ढीग भरायचा आहे. डोक्यावरचं फडकं सोडून ती तुमच्या तोंडावरून फिरवते. "वाळला रे." तुम्ही तिच्या हातातला हातोडा काढून घेता. मुकादम एकदा वर्दीच्या पँटीकडे पाहतो, एकदा मायकडे, आणि पुढे निघून जातो.

रायफल तुम्हाला येते, हातोडा येत नाही. दगड डाव्या हातानं धरायचा, शीर पाहून घाव घालायचा. पहिले चार नीट बसतात. पाचवा अंगठ्यावर. जमालपूरला ओरडला नव्हतात, इथे ओरडता. माय लुगड्याची चिंधी फाडून गुंडाळते, वरून हंड्यातलं घोटभर गढूळ पाणी ओतते. ते पाणी पिण्याचं होतं. तुम्ही म्हणता, "वाया कायले घालते?" ती पुन्हा ओतते.

रजेचे उरलेले दिवस तुम्ही रोज त्या ढिगावर जाता. संध्याकाळी कुणी विचारलं तर ढाक्याची गोष्ट सांगता. ब्रह्मपुत्रेच्या पात्राचं वर्णन आलं की लोक गप्प होतात. एक म्हातारी म्हणते, "खरं का रे? एवढं पाणी?"

टाळ्या. लाउडस्पीकर. बाबांचा हात तुमच्या हातावरून निघतो.

निवेदक त्यांना दोन शब्द बोलायला सांगतो. ते उभे राहतात, पुंगलीच्या पुलाचं सांगतात, जंगी पलटणीचं नाव घेतात आणि घोषणा देतात. सभागृह दणाणतं. अंगठा शालीखाली आहे. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं आहे, आणि मान त्याच गोष्टीचा आहे हेही बरोबर. मात्र मला वाटतं, आपण त्यांना नेहमी तेवढंच विचारतो. जे राखायला ते गेले होते तो देश म्हणजे ती सडक, तो ढीग आणि ती माय; तिथलं त्यांना कुणी विचारत नाही.

कार्यक्रम आटोपतो. बाबा श्रीफळ पिशवीत टाकतात, शालीची घडी घालतात. दाराबाहेर मोताळ्याकडे जाणारी काळी-पिवळी उभी आहे, नातू हॉर्न वाजवतोय. तुम्ही त्यांची पिशवी घेता आणि चालता चालता विचारता, "बाबा, त्र्याहत्तर साली पाऊस कधी आला?"

ते थांबतात. तुमच्याकडे नीट पाहतात, तुम्ही कोण, कुणाचे, असं.

"म्या नाही पाह्यला," ते म्हणतात. "रजा सरली होती. मायचं आंतर्देशीय आलं, मास्तरानं लिहून देलं होतं. सगळ्या घरचं खुशाल लिहिलं, बैलाचं लिहिलं, अन् खाली कडेला, जागा उरली नव्हती तिथी बारीक अक्षरात लिहिलं होतं..."

नातू पुन्हा हॉर्न देतो. बाबा हात वर करून त्याला थांबवतात, आणि ओट्यावर बसतात.