परक्या शहरातला घरचा हंगाम

टोरांटो ब्लू जेज हा मेजर लीग बेसबॉलच्या 30 संघांपैकी एकमेव कॅनेडियन संघ. मॉन्ट्रियलचा एक्स्पोज हा दुसरा संघ 2004 चा हंगाम संपल्यावर वॉशिंग्टनला हलवण्यात आला. तेव्हापासून ब्लू जेजचे मैदान तेवढे सरहद्दीच्या पलीकडे आणि बाकी सगळी अमेरिकेत, अशी मांडणी आहे. एरवी त्याने कुणाचे काही अडत नसे. पाहुणे संघ विमानाने येत, खेळत आणि परत जात. 2020 साली करोनाची साथ आली आणि 21 मार्चला दोन्ही देशांनी अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी सरहद्द बंद केली. त्यानंतर मात्र हा भूगोल संघाला चांगलाच महागात पडला.

बेसबॉलचा नेहमीचा हंगाम 162 सामन्यांचा असतो. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज सामना. 2020 चा हंगाम 26 मार्चला सुरू व्हायचा होता. 12 मार्चला सराव सामने थांबले आणि सगळेच लांबणीवर पडले. पुढचे तीन महिने साथीइतकेच पैशाच्या घासाघिशीतही गेले. प्रेक्षकांविना मैदाने चालवायची तर तिकिटांचे उत्पन्न शून्य, तेव्हा खेळाडूंनी पगारात आणखी कपात सोसावी असे मालकांचे म्हणणे. जितके सामने तितका पगार हे आधीच ठरले आहे, असे खेळाडूंच्या संघटनेचे उत्तर. तडजोड झालीच नाही. अखेर जूनमध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी आपल्या अधिकारात 60 सामन्यांचा हंगाम जाहीर केला. प्रवास कमी व्हावा म्हणून प्रत्येक संघाने आपल्याच भौगोलिक विभागातल्या संघांशी खेळायचे ठरले. एकाच दिवशी दोन सामने आले तर ते नऊऐवजी सात डावांचे झाले, आणि बरोबरी सुटावी म्हणून जादा डावात दुसऱ्या बेसवर आधीच एक धावपटू उभा करण्याचा नियम आला. जुन्या वळणाच्या चाहत्यांना हा शेवटचा नियम खेळ भ्रष्ट केल्यासारखा वाटला, तरी तो पुढे कायम राहिला.

जुलैमध्ये ब्लू जेजना टोरांटोत सराव करण्यापुरती परवानगी मिळाली. त्यांच्या रॉजर्स सेंटर या मैदानाच्या इमारतीतच हॉटेल आहे आणि त्यातल्या काही खोल्यांच्या खिडक्या थेट मैदानात उघडतात. खेळाडूंनी खोलीतून मैदानात यायचे, मैदानातून खोलीत जायचे, शहरात पाऊल टाकायचे नाही. नियम मोडणाऱ्याला साडेसात लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकली असती. सरावापुरते हे जमले. सामन्यांसाठी मात्र दर काही दिवसांनी नवा संघ अमेरिकेतून येणार आणि जाणार होता, तर कॅनडात येणाऱ्याला 14 दिवसांचे विलगीकरण सक्तीचे होते. 18 जुलैला कॅनडा सरकारने नकार कळवला. पहिला सामना सहा दिवसांवर आला होता.

पिट्सबर्गच्या संघाने आपले मैदान देऊ केले, तर पेनसिल्व्हेनियाच्या आरोग्य खात्याने ते फेटाळले. अखेर 24 जुलैला बफलोचे नाव पक्के झाले, आणि त्याच दिवशी टॅम्पा बे रेजविरुद्ध ब्लू जेजने हंगाम सुरू केला. बफलोची तयारी पुरी होईपर्यंत जुलैअखेरचे दोन ‘घरचे’ सामने वॉशिंग्टनमध्ये, प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर झाले. मॉन्ट्रियलहून हललेला संघ तो हाच. आपल्याच मैदानावर पाहुणा म्हणून खेळलेल्या त्या संघाने दोन्ही सामने जिंकले.

टोरांटोहून मोटारीने दोनेक तासांवर असलेल्या बफलोची बेसबॉलशी जुनी ओळख होती. 1879 ते 1885 या काळात तिथे नॅशनल लीगचा संघ होता. 1914-15 मध्ये अल्पायुषी फेडरल लीगचा संघ आला, आणि ती लीग बुडाल्यावर वरच्या दर्जाचा खेळ शहरातून गेला. 1988 मध्ये बफलोने मध्यवस्तीत नवे मैदान बांधले, ते मेजर लीगचा विस्तार होईल तेव्हा एक संघ आपल्या वाट्याला यावा या आशेने. गरज पडल्यास वाढवता येईल अशी त्याची रचना होती. दुय्यम लीगचा बायसन्स संघ बघायला पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त लोक आले. तरीही 1991 मध्ये नवे संघ डेन्व्हर आणि मायामीला मिळाले.

2020 मध्ये दुय्यम लीगचा हंगाम रद्द झाल्याने हेच मैदान, आता सॅलेन फील्ड नावाचे, रिकामे होते. बायसन्स हा आता ब्लू जेजच्याच राखीव खेळाडूंचा संघ होता, त्यामुळे मैदान संघातल्या अनेकांच्या पायाखालचे. पण दुय्यम दर्जाचे प्रकाशझोत टीव्हीला अपुरे पडत होते, आणि खेळाडूंमध्ये अंतर राखायचे तर कपडे बदलण्याच्या खोल्या फारच लहान. नवे दिवे बसवले गेले, पाहुण्या संघासाठी तात्पुरते बांधकाम उभे राहिले.

11 ऑगस्टला तिथे पहिला सामना झाला, आणि समोर होता नेमका मायामीचा संघ. पंधरवड्यापूर्वी याच संघात करोनाचा मोठा उद्रेक होऊन वेळापत्रक कोलमडले होते. ब्लू जेजने दहाव्या डावात 5-4 असा विजय मिळवला. 105 वर्षांनी शहरात आलेला हा खेळ बफलोच्या लोकांना टीव्हीवर बघावा लागला. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्लू जेजने 0-8 अशा पिछाडीवरून उसळी घेत सात होम रन मारले आणि तरीही सामना 14-11 असा गमावला.

आदल्या वर्षी 95 सामने हरलेल्या या संघाकडून कुणाच्या फार अपेक्षा नव्हत्या. बो बिशेट, व्लादिमीर गरेरो ज्युनियर ही पोरे नवखी होती. भरवशाचा एकच, कोरियाचा पिचर ह्यून जिन र्‍यू. हंगामात बफलोत खेळलेल्या 26 सामन्यांपैकी 17 जिंकणाऱ्या, व्यवस्थापक चार्ली मोंटोयो यांच्या या संघाने 24 सप्टेंबरला यांकीजना हरवले आणि बाद फेरी गाठली. एकूण हिशेब 32 विजय, 28 पराभव. विशेष म्हणजे हंगामभरात संघाने 302 धावा केल्या आणि 312 दिल्या. त्या वर्षी बाद फेरीत दहाऐवजी सोळा संघ घेतले होते, म्हणून आठवे मानांकन पुरले. टॅम्पा बेने मात्र त्यांना 3-1 आणि 8-2 असे सरळ बाहेर काढले. दुसऱ्या सामन्यात र्‍यूला दुसरा डावही पुरा करता आला नाही.

2021 मध्येही सरहद्द उघडली नव्हती. संघाने आधी फ्लोरिडात डनीडनच्या सराव मैदानावर, मग जूनपासून पुन्हा बफलोत, या वेळी प्रेक्षकांसमोर, सामने खेळले. जुलैमध्ये कॅनडा सरकारने सवलत दिली आणि 30 जुलैला टोरांटोत कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध सामना झाला. ब्लू जेजने तो 6-4 असा जिंकला. त्या वर्षी त्यांनी 91 सामने जिंकले. पण बाद फेरी पुन्हा दहा संघांची झाली होती, आणि ती एका विजयाने हुकली.