घर बोलायचं लाकडातून

उत्तर जर्मनीत हार्ट्‌झ डोंगराच्या पायथ्याशी गोस्लार नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या एका घराच्या दर्शनी बाजूला लोणी घुसळणारी बाई कोरलेली आहे. एक हात घुसळण्याच्या दांड्यावर, आणि दुसऱ्या हातानं तिनं मागून घागरा चक्क वर उचललेला! समोरच चर्च आहे. पण १५२०च्या दशकात हे घर बांधणाऱ्या योहानेस थिलिंग या धनिकाला त्याचा संकोच वाटलेला दिसत नाही. झिमॉन श्टापेन या कारागिराकडून त्यानं झाडूवर बसलेल्या चेटकिणी आणि माकडंही कोरून घेतली.

अशा घरांना जर्मन भाषेत ‘फाखवेर्क’ म्हणतात. आधी ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा करायचा, मग मधले चौकोन कुडानं आणि मातीनं किंवा विटांनी भरायचे. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर पुढे येतो. त्याला खालून टेकू द्यावे लागतात, त्या टेकूंवर संत किंवा विदूषक कोरलेले असतात. खांब कलू नये म्हणून त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना त्रिकोणी आधार देतात. खांब आणि ते दोन त्रिकोण मिळून अर्धवर्तुळ तयार होतं, आणि त्यावर सुतार पंख्यासारखं अर्धं फूल कोरतो. मला यातली गंमत हीच वाटते, की ही नक्षी वरून ठोकलेली नाही. घराचा भार ज्या लाकडावर, त्याच लाकडावर ती आहे. आडव्या तुळईवर मालकाचं नाव, साल, एखादं धर्मवचनही असतं. म्हणजे घर आपली ओळख रस्त्यावरच्या माणसाला स्वतःच सांगतं.

अर्थात, याला पैसा लागे. गोस्लारमध्ये तो खाणींतून आला. तीस वर्षांच्या युद्धानंतर (१६१८-४८) ही हौस ओसरली. पुढे फॅशन बदलली, तेव्हा कित्येक घरांवर गिलावा चढला आणि नक्षी त्याखाली गेली.

लाकडाचा खरा वैरी मात्र आग. गोस्लारपासून जवळच्याच हिल्डेसहाइममध्ये खाटकांच्या संघानं १५२९ साली बाजारचौकात अनेक मजली घर बांधलं. खाली मांसविक्री, वर संघाच्या बैठका. जर्मनीतल्या सर्वांत देखण्या लाकडी घरांत त्याची गणना होई. २२ मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात शहराचा जुना भाग जळाला, त्यात हे घरही गेलं. भार पेलणारं लाकूडच गेल्यावर नक्षी कुठून उरणार? १९६०च्या दशकात त्या जागी काँक्रीटचं हॉटेल उभं राहिलं. गावकऱ्यांच्या मनातून मात्र जुनं घर गेलं नाही. अखेर ते हॉटेल पाडलं, आणि १९८७ ते १९८९ या काळात जुनी छायाचित्रं व रेखाचित्रं समोर ठेवून, ओकचंच लाकूड जुन्या पद्धतीनं सांधून, घर पुन्हा उभारलं.

ही नक्कल आहे, असं म्हणणारे आहेत, आणि ते खोटं नाही. १५२९च्या छिन्नीचा घाव त्यावर नाही. पण छायाचित्रावरून फूल कोरायचं म्हटलं तरी आजच्या सुताराला आधी खांब आणि त्रिकोण जुन्या रीतीनंच सांधावे लागले, मगच नक्षीला जागा मिळाली.